सासूबाईंचं विरजण

तेराव्याची पंगत उठली आणि वृंदाने भराभर भांडी घासून मागच्या अंगणात पालथी घातली. त्यांत सासूबाईंचा दह्याचा सटही होता. विरजणाला चमचाभर दही मागे ठेवायचं राहूनच गेलं. सासूबाईंनी जन्मभर जपलेलं विरजण मोरीतून वाहून गेलं होतं.

“डेअरीतून दह्याचा डबा आणतो,” नवरा म्हणाला. प्लास्टिकचा डबा सासूबाईंनी दारात उभा केला नसता. इतके दिवस अडलेलं रडू वृंदाला आत्ता फुटलं.

तेवढ्यात शेजारच्या दळवीकाकू झाकलेली वाटी घेऊन आल्या. सासूबाईंनी परसात ओल्या कचऱ्याचा खड्डा केला, तेव्हा त्याच्या वासावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्यानंतर काकूंनी या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. सासूबाई गेल्या त्या दिवशीही नाही.

“अंगणात सट पालथा दिसला, तेव्हाच कळलं मला,” वाटी पुढे करत काकू म्हणाल्या. “मी लग्न होऊन आले, तेव्हा त्यांनीच हे विरजण दिलं होतं. बोलणं टाकलं मी त्यांच्याशी. पण दही रोज त्यांच्याच विरजणाचं लावत आले.”