हात दाखवला तर

ड्रायव्हर हैबतराव शेडगे यांनी मनगटावरचा पट्टा काढून शलाका मॅडमच्या टेबलावर ठेवला. पट्ट्यावर हिरवं शून्य दिसत होतं.

डेपोतल्या गाड्या आता आपल्या आपण धावत. ड्रायव्हरनं नुसतं पुढं बसायचं आणि अगदीच अडलं तर लाल बटण दाबायचं. नव्या पद्धतीला कोणाचं मन किती अडून बसलंय ते पट्टा सांगे आणि ते मन वळवायचं काम शलाकाचं. हैबतरावांचा आकडा डेपोत सगळ्यांत जास्त असायचा. रस्त्यात कोणी हात दाखवला की थांबा असो-नसो, ते बटण दाबून गाडी उभी करत. शलाकानं त्यांना कधी दरडावलं नव्हतं. चहा पाजून, गोडीगुलाबीनं समजावत महिने काढले होते.

"अभिनंदन, हैबतराव. आता काही त्रास नाही ना?"

"नाही मॅडम. झोपसुद्धा छान लागते. काल वाघजाईच्या फाट्यावर एक बाई हात करत होती. कडेवरच्या पोरानं मान टाकली होती. गाडी तशीच पुढं आली."

शलाकानं हातातला चहाचा कप खाली ठेवला. "अहो, मग बटण दाबायचंत ना. आकड्याचं मी बघून घेतलं असतं."

"आकड्याची भीती नव्हती हो," हैबतराव शांतपणे म्हणाले. "दाबावंसं वाटलंच नाही."