रेघेबाहेरचा ठिपका

पडद्यावर, एकेका रुग्णाच्या रक्तातून औषध किती लवकर उतरतं ते दाखवणारे निळे ठिपके एका तिरक्या रेघेला बिलगून बसले होते. एकच ठिपका खाली, पार उजव्या कोपऱ्यात पडला होता. रसायनशास्त्रज्ञाने लेझरचा लाल प्रकाश त्याच्याभोवती फिरवला आणि नेहमीचा विनोद केला.

"आणि हे आमचे रुसलेले जावई. सगळे फोटोला उभे, हे कोपऱ्यात तोंड फिरवून. खूप मनधरणी केली, ऐकेनात. शेवटी त्यांना वगळूनच फोटो काढला."

सभागृह हसलं. रसायनशास्त्रज्ञांना हसवणं सोपं नसतं. त्यांच्या परिषदेच्या या वार्षिक संमेलनात सकाळपासून ते एकदाच हसले होते, तेही अध्यक्षांचा माईक बंद पडला तेव्हा.

यंदाचा विषय होता रसायनशास्त्र आणि औषध. म्हणून ज्यांच्यावर नव्या औषधांच्या चाचण्या झाल्या, त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना परिषदेने पहिल्यांदाच बोलावलं होतं. गळ्यात पिवळ्या फिती घालून ती मंडळी मागच्या ओळींत बसली होती. ती येणार हे त्याला कळवलेलं होतं. दुपारच्या सत्काराला येतील, असं तो धरून चालला होता. मागच्या ओळी हसल्या नाहीत हेही त्याने पाहिलं, आणि विषय अवघड आहे, असं म्हणून सोडून दिलं.

जेवणाची सुट्टी झाली. एरवी प्रश्न विचारून जीव नकोसा करणारे सगळे ताटांकडे पळाले. तो संगणकाची वायर गुंडाळत होता, तेवढ्यात पिवळी फीत घातलेली एक बाई मधल्या वाटेने खाली आली. पर्स तिने दोन्ही हातांनी धरली होती.

"सर, जरा वेळ आहे का?"

"बोला ना, ताई."

"तो कोपऱ्यातला ठिपका परत दाखवता? मागून नीट दिसला नाही."

त्याने वायर पुन्हा जोडली आणि पडदा उजळला. ती अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"हे आमचेच असणार," ती म्हणाली.

"तसं नाही सांगता येत. आमच्याकडे नावं येतच नाहीत. नुसते आकडे येतात."

हे खरं होतं. खरं बोलूनही माणसाला लपता येतं, आणि तो लपला.

"डॉक्टर म्हणाले होते, एवढं औषध रक्तात यांच्या एकट्याच्याच साचून राहिलं. बाकी सगळ्यांचं उतरत होतं. मग बंदच करावं लागलं. आणि ते बंद झाल्यावर आजाराने गाठलं." पत्ता सांगावा तशी ती सांगत होती. "त्यांच्यानंतर सगळ्यांची गोळी निम्मी केली म्हणे."

"हो," तो म्हणाला. "केली."

त्याच्याइतकं हे दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? रेघेला बिलगलेले बहुतेक ठिपके त्या निम्म्या गोळीचे होते. कोपऱ्यातल्या त्या एकामुळे ते असे सुखाने बसले होते. एवढ्या लांबलचक व्याख्यानात हे वाक्य कुठेच नव्हतं. विनोदाला मात्र जागा निघाली होती.

"पण ते रुसणारे नव्हते हो," ती म्हणाली. "रोज रक्त काढायला यायचे, तर हे आधीच बाही वर करून बसलेले. नर्सला म्हणायचे, लागेल तेवढं घ्या, लाजू नका."

हा विनोद त्याने गावोगावच्या सभागृहांत केला होता. पहिल्यांदा घरी बायकोला ऐकवला, तीही हसली होती. आता जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. पण सभागृहाचा गालिचा चांगला जाड होता. तो त्यावर नुसता उभा राहिला आणि बुटांकडे बघू लागला.

"चुकलं माझं, ताई. मी असं बोलायला नको होतं."

तिने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. ती पडद्याकडेच बघत होती.

"त्यांना त्या ओळीत घेता येत नाही का?"

"घेता येतं. पण मग रेघ बिघडते."

"म्हणजे?"

"वाकडी होते."

"किती वाकडी?"

आकड्यात सांगता आलं असतं. आकडा तोंडपाठ होता. त्याऐवजी त्याने खुर्ची ओढली आणि संगणकावर आकड्यांचा तक्ता उघडला. त्यात एक आकडा फिका करून ठेवला होता. मोजायचा नाही, याची ती खूण. त्याने तो पुन्हा गडद केला आणि कळ दाबली.

पडद्यावरची रेघ हलली. तिचं उजवं टोक खाली उतरलं, कोपऱ्यातल्या ठिपक्याच्या बाजूला. निळे ठिपके आता तिला पहिल्यासारखे चिकटून नव्हते. काही जरा वर राहिले, काही खाली. बाकावर एकाला जागा करून देताना माणसं सरकून बसतात, तसं ते दिसत होतं.

बाईने पर्स काखेत धरली. मोकळ्या झालेल्या हाताने जुनी रेघ होती तिथपासून नव्या रेघेपर्यंतचं अंतर मोजलं. दोन बोटं भरली.

"एवढीच?" ती म्हणाली.