मारामारीच्या कव्हरात

राळेगावच्या बसस्टँडजवळ संघदीप भाड्यानं सीड्या द्यायचा. खेड्यातल्या धावणाऱ्या पोरीचा एक सिनेमा त्यानं काउंटरवरच मांडला होता. येईल त्याला तो "हा पाहा" म्हणायचा. पण कापसाच्या भावानं वैतागलेल्या लोकांना मारामारीच हवी असायची.

सोमवारी भगवानराव तणतणत आले. मागं दप्तर अडकवलेली त्यांची समीक्षा. बापासाठी सीड्या न्यायला तीच यायची.

"काहून रे, मारामारीच्या कव्हरात हे धावणारी पोरगी कुठून आली? सारी गल्ली माह्या घरी जमलती."

संघदीप चाट पडला. मारामारीचीच सीडी त्यानं स्वतःच्या हातानं कव्हरात घातली होती. "चुकलं असन, काकाजी. बदलून देतो."

"बदलतं कायले? एक माणूस जागचा हालला नाही. बापानं तिले शर्यतीले जाऊ देल्लं, तवा तं माहेच डोळे भरले." भगवानराव खाकरले. "हे पोट्टी बी कवाची यवतमाळच्या शर्यतीले जातो म्हणून राह्यली. धावाचे बूट कुठी भेटतीन, सांग."

संघदीपनं चौकातलं दुकान दाखवलं, तसे ते तरातरा निघाले. समीक्षा जराशी रेंगाळली. तिनं दप्तरातून मारामारीची सीडी काढली आणि हळूच काउंटरवर ठेवली.