तिरकी तोफ

अध्यक्षांनी तोफ सरळ करायला बोट पुढे केलं आणि कवळीताईंनी त्यांचं मनगट धरलं.

"हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या.

हॉलमध्ये तेव्हा चांगली गर्दी होती. लांब टेबलांवर हिरव्या चादरी अंथरून तळहातावर मावतील एवढे रणगाडे मांडले होते. रणगाड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्या हौशी मंडळाचं हे वार्षिक प्रदर्शन. वर्षभर घरच्यांची बोलणी खाऊन, जेवणाच्या टेबलावर रंगाच्या बाटल्या पसरून केलेल्या कामाचं चीज व्हायचं ते इथंच. प्रत्येकाचा एक लाडका रणगाडा असतो आणि त्याच्याबद्दल सुरू झाला की माणूस आवरत नाही. कुणी उतरत्या कपाळावर फिदा, कुणी रुंद पट्ट्यांवर. मंडळातल्या बेकरीवाल्याचा जीव तर अशा एका धुडावर जडला होता, जे म्हणे लढाईपेक्षा दुरुस्तीतच जास्त असायचं. "पण रूप बघा ना त्याचं," एवढंच तो म्हणायचा. प्रेमात पडलेल्या माणसाशी काय वाद घालणार?

कवळीताई दातांच्या कवळ्या बनवतात, म्हणून मंडळात त्यांचं हे नाव. त्यांनी आणला होता ठेंगणा. एका खऱ्या रणगाड्याला मंडळानं दिलेलं हे नाव, आणि तो सगळ्यांचाच लाडका. बुटका, पसरट, जमिनीला पोट टेकवून बसलेला, आणि वर ती लांबसडक तोफ. ताईंनी त्याची वेल्डिंगची शिवणसुद्धा सोडली नव्हती. पट्ट्यांतला चिखल ओला वाटत होता. परीक्षक आल्या आल्या तिथंच घुटमळले होते आणि पहिलं बक्षीस ठरल्यात जमा होतं. फक्त तोफ तिरकी होती. तोफेचा घुमट जरासा डावीकडे वळलेला. धड समोर नाही, धड बाजूला नाही.

आणि मंडळाचा दंडक असा, की प्रदर्शनात तोफ नाकासमोर हवी. अध्यक्षांचं चष्म्याचं दुकान. केसभर काही तिरकं दिसलं की त्यांना चैन पडत नसे. सकाळी त्यांनी ती तोफ सरळ केली, ताईंनी परत वळवली. जेवणाआधी सरळ केली, जेवणानंतर ताईंनी परत वळवली. आता मात्र दोघंही समोरासमोर सापडले होते.

"ताई, अख्खी रांग बिघडतेय," अध्यक्ष म्हणाले. "इतका देखणा रणगाडा, आणि मान अवघडल्यासारखा दिसतोय."

"दिसू दे."

"अहो, ठेंगण्याचं सगळं सौंदर्य त्या एका सरळ रेषेत आहे. परीक्षक मार्क कापतील."

"कापू देत."

"मग मला तो टेबलावरून उचलावा लागेल. नियम म्हणजे नियम."

बेकरीवाला मध्ये पडला. "ताई, संध्याकाळपर्यंतचा तर प्रश्न आहे. घरी नेल्यावर करा की पाहिजे तेवढी तिरकी."

तो चांगल्या मनानं बोलला होता, पण ताईंना ते झोंबलं. घरी कुणाला काय दाखवायचं होतं? घरी सगळ्यांना सगळं माहीत होतं. रात्रंदिवस डोळे फोडून केलेला हा रणगाडा त्यांना याच टेबलावर हवा होता, त्याच्यावर जीव टाकणाऱ्या या माणसांसमोर, आणि जसा होता तसाच. तो उचलला गेला असता तर त्या पुन्हा या मंडळाची पायरी चढल्या नसत्या. बक्षिसाचं म्हणाल, तर ते त्यांनी सकाळीच मनातून काढून टाकलं होतं.

त्यांनी पर्समधून चिमटा काढला आणि स्वतःच तोफ सरळ केली.

"आता कसं!" अध्यक्ष खुलले.

ताईंनी चिमट्याच्या टोकानं चालकाच्या डोक्यावरचं इवलंसं झाकण उचललं. ते वर आलं आणि तोफेला अडकलं. त्यांनी पुन्हा उचललं. पुन्हा अडकलं.

"चालक इथं बसतो. बरोबर मधोमध, तोफेखाली," त्या म्हणाल्या. "रणगाडा पेटलाय. वीज गेलीय, घुमट बटणानं वळत नाही. त्यानं बाहेर कसं यायचं?"

"ठेंगण्याची ती खोड आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे," अध्यक्ष म्हणाले. "म्हणून काय ती प्रदर्शनात मांडायची?"

"खोड नाही मांडलेली मी."

ताईंनी घुमट हळूहळू डावीकडे सरकवला आणि मघाच्याच जागी आणून थांबवला. चिमटा लावला. झाकण अलगद उघडलं. बेकरीवाला वाकून बघायला लागला.

"वर तोफेवर जो होता तो जखमी झालेला," ताई म्हणाल्या. "त्याच्या डोक्यावरचं झाकण मोकळं होतं. निघता आलं असतं त्याला. पण तो बसून राहिला आणि हातानं चाक फिरवून त्यानं घुमट वळवला. एवढाच. खालचं झाकण उघडण्यापुरता. मग त्याच्यात पुढं काही करायची ताकद उरली नाही. तो आतच संपला. चालक तेवढा बाहेर आला."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. माणूस वाईट नव्हता, पण हार मानायची सवय नव्हती.

"हे कुठं वाचलंत तुम्ही?" त्यांनी विचारलं. "मी तर ठेंगण्यावरचं सगळं वाचलंय."

"वाचलं नाही. बाबांनी सांगितलं," कवळीताई म्हणाल्या. "ही तोफ तुम्हाला हवी तशी सरळ राहिली असती ना अध्यक्ष, तर आज तुमच्याशी भांडायला मी जन्मालाच आले नसते."