अर्धी धुतलेली फरशी

वाल्मीकची बायको चंद्रभागा गेली, तेव्हा त्याच्या हातात प्रेशर वॉशरची पाण्याची बंदूक होती. तो पुढच्या अंगणात फरशीवरचं शेवाळ उडवत होता. शेजारच्या सायलीने मागून येऊन खांदा गदागदा हलवला, तेव्हा कुठे त्याला कळलं की ती मघापासून हाका मारते आहे.

"काका, काकू बाथरूमचं दार उघडत नाहीत. पाणी बाहेर येतंय."

बाथरूमचं दार तोडलं. चंद्रभागा भिंतीला टेकून बसली होती, डुलकी लागल्यासारखी. गरम पाण्याचा नळ वाहत होता. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. तपासणीत निघालं की विषारी वायू अंगात गेला. बाथरूममध्ये गॅसचा गिझर होता. त्यापुढे कुणाला काही विचारायची गरजच पडली नाही.

गिझर मंगळूने बसवला होता. पेठ तालुक्याकडचा पोरगा, इंदिरानगरात प्लंबिंगची कामं करायचा. वाल्मीकने ठाण्यात जबाब दिला की, याच्या हलगर्जीपणामुळे माझं माणूस गेलं. पोलीस गिझर काढून घेऊन गेले आणि मंगळूलाही घेऊन गेले. मंगळू सांगत राहिला की खिडकीच्या काचा मी मुद्दाम काढून ठेवल्या होत्या, हवा खेळती राहावी म्हणून. ते कुणी ऐकून घेतलं नाही.

वाल्मीकला आणखी एक गोष्ट खात होती. तिने हाक मारली असेल, आणि मशीनच्या घरघरीत ती आपल्याला ऐकू आली नसेल.

पेट्रोलवरचं ते प्रेशर वॉशर त्याने दिंडोरीच्या मळ्यावर घेतलं होतं, ट्रॅक्टर आणि फवारणीचा ब्लोअर धुवायला. पुढे द्राक्षबाग पुतण्यांना कसायला दिली आणि मशीन घेऊन तो शहरात आला. इथे आजूबाजूचे लोक आवाजाने वैतागले. चंद्रभागाच म्हणाली, हे धूड मागच्या बोळात ठेवा, नळ तिथेच आहे, वर पत्रा आहे, लांब पाइप लावून पुढे आणा.

"हा काही तुमचा मळा नाही," तिने सुनावलं होतं. "लोकांना रविवारी झोपू द्या."

तेव्हापासून मशीन बोळात आणि वाल्मीक पाइप ओढत अंगणात, असं चाललं होतं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी घर धुवायचं होतं. त्याची मुलगी तेजस्विनी निफाडहून आलेली होती. बादल्यांनी धुऊन काढू, असं ती म्हणाली. तो ऐकेना. त्या दिवशी फरशी अर्धी धुऊन राहिली होती. ती त्याला त्याच मशीनने पुरी करायची होती.

मशीन मात्र सुरू होईना. त्या दिवशीच्या गोंधळात ते बंद करायचं भान कुणालाच राहिलं नव्हतं. टाकी रिकामी होईपर्यंत ते आपलं आपण चालत राहिलं होतं. वाल्मीकने ते अंगणात उजेडात आणलं, पेट्रोल भरलं, चोक दिला आणि खांदा भरून येईपर्यंत दोरी ओढली. प्लग काढला तर तो काजळीने काळाकुट्ट. पॉलिश पेपरने घासून लावला. एअर फिल्टर मातीने चोंदला होता, तो झटकून घेतला. तरी नाही. मग टाकीच्या तळचा गाळ खेचला गेला असणार, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने कार्ब्युरेटरची वाटी सोडवली. आत कचरा बसला होता.

तेवढ्यात फाटकाशी मंगळूचा बाप पुंजा येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आत आला नाही. जामिनाचं अडलंय, तुम्ही ठाण्यात सांगितलं तर काही होईल, असं तो बराच वेळ सांगत होता. वाल्मीक कार्ब्युरेटरच्या जेटच्या बारीक भोकात तार घालून फुंकर मारत राहिला.

"दादा, माझीबी बायको गेली," पुंजा म्हणाला. "मला कळतं."

"तुझी कुणी मारली नव्हती."

पुंजाने फाटकाला हात लावला. "माझं पोरगं हाताशी सापडलं, म्हणून त्यानं मारली. असंच ना?"

वाल्मीकने जेट उजेडाकडे धरून पुन्हा फुंकर मारली. फाटक वाजलं, तेव्हा म्हातारा गेल्याचं त्याला कळलं.

वाटी बसवून दोरी ओढली आणि मशीन एका झटक्यात सुरू झालं. त्याने ते बंद करून बोळात नेऊन ठेवलं, नळाला जोडलं, पुन्हा चालू केलं. पाणी आधी धक्के देत येत होतं. पंपात हवा धरली होती. बंदुकीचा खटका दाबून ठेवला, तशी हवा निघून गेली आणि धार सरळ झाली.

मग तो बराच वेळ धूत राहिला. काळी फरशी पांढरी होत गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या हातून काहीतरी पुरं होत होतं. शेवटचा कोपरा झाल्यावर तेजस्विनीला दाखवावं म्हणून तो आत गेला.

ती स्वयंपाकघरातल्या शेगडीवर तापवलेलं पाणी घेऊन अंघोळीला गेली होती. आईचं झाल्यापासून ती कडी लावत नव्हती. दार अर्धं उघडं होतं आणि अंगावर गाऊन ओढून ती उंबऱ्यात कोसळली होती.

"नाना, डोकं फुटतंय," ती पुटपुटली. "पाय उचलत नाहीत."

वाल्मीकचा हात गिझर बंद करायला वर गेला. भिंतीवर स्क्रूची भोकं होती, दुसरं काही नव्हतं. शेजारी बिनकाचेची खिडकी होती. ती मागच्या बोळात उघडत होती. तिच्यातून मशीनचा आवाज आत येत होता, आणि धूर.

त्याने तेजस्विनीला काखेत धरून अंगणात ओढत आणलं. ओल्या फरशीवर बसून ती श्वास घेऊ लागली. मशीन बोळात चालूच होतं. ठाण्यातला जबाब अजून बदलायचा होता.