डावीकडे ओढणारी गाडी

गाडी पुन्हा डाव्या खड्ड्यात गेली.

पडद्यावर धुराचा लोट उठला आणि लाल इंग्रजी अक्षरं आली. लिंबाजीला ती वाचता येत नव्हती, पण त्यांचा अर्थ एव्हाना चांगला पाठ झाला होता. त्यानं जॉयस्टिकवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"झालं," तो बायकोला म्हणाला. "उद्या डेपोत जाऊन साहेबाला सांगून टाकतो. गाडी नको, गेटवर बसतो म्हणून."

बायनाबाई उठली. ती चहा आणायला आत गेली.

परभणी–सोनपेठ एसटी चालवण्यात लिंबाजीनं उभी हयात घातली होती. उन्हाळ्यात बसच्या टपावरून उतरताना तो शिडीवरून निसटला आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण मनगट काही उजवीकडे वळेना. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबत बसायला सांगितलं. सोनपेठच्या बाजाराची खच्चून भरलेली गाडी हाकणारा माणूस तो, चेंडू दाबून त्याला दोन दिवसांत वीट आला. शेवटी मेव्हणे दिनकरराव मदतीला धावले. त्यांचा राहत्या घरातच, पुढच्या खोलीत, कॉम्प्युटर क्लास होता. क्लासच्या मुलांना खेळायची सक्त मनाई. कपाटातली जॉयस्टिक बाहेर निघाली ती फक्त दाजींसाठी.

गेम मोटारीचा होता. गाडी आपली आपण धावायची, दांड्यानं तिला नुसतं वळवायचं. लिंबाजी असा रमला की जेवायला हाका माराव्या लागत. गणपतीपासून दसऱ्यापर्यंत मनगट सुटत गेलं, गाडी घाट चढून पुलापर्यंत जायला लागली. आणि दसरा झाला नि काय बिनसलं कोण जाणे, गाडी डावीकडे ओढायला लागली. लिंबाजी दात-ओठ खाऊन दांडा उजवीकडे रेटायचा, घाटही कसाबसा चढायचा, पण पुलाच्या तोंडाशी गाडी खड्ड्यात जायचीच. हात पुन्हा गेला, हे त्यानं मनाशी धरलं होतं. घरात कुणाला सांगितलं नाही. आज दिवाळी सरली होती आणि गाडी घेणार की गेटवर बसणार, याचं उत्तर उद्या साहेबाला द्यायचं होतं. गेटवर बसून दुसऱ्यांनी नेलेल्या गाड्या बघायच्या, एवढंच आता उरलं होतं.

बायनाबाईनं चहा आणला. पडद्यावर नवा डाव आपोआप सुरू झाला होता. लिंबाजीनं तिकडे न बघता दोन्ही हातांनी बशी धरली आणि फुंकर घातली.

बायनाबाई मात्र पडद्याकडेच बघत होती.

"अवं," ती म्हणाली, "आता कोन वळवायलंय तिला?"

लिंबाजीनं मान वर केली. दांड्याला कुणाचाच हात नव्हता आणि गाडी डावीकडे निघाली होती.

दिनकररावांना हाक गेली. त्यांनी आधी मशीन बंद करून चालू केली. मग दांडा मधोमध धरून बटण दाबलं आणि कॉम्प्युटरला मध्य कुठं आहे ते नव्यानं दाखवलं. दोन मिनिटं बरी गेली, पुन्हा तेच. त्यांनी विमानाचा गेम लावला. विमानही डाव्या पंखावर कलंडलं. मग स्वतः मोटारीच्या गेमला बसले, तर पहिल्याच वळणाला खड्ड्यात. दांडा उजवीकडे न्यायला त्यांना दोन्ही हात लावावे लागले, तरी तो पुरता गेला नाही.

"मशीन ठीक हाय, गेमबी ठीक हाय," ते म्हणाले. "खोट दांड्यातच हाय."

त्यांनी जॉयस्टिक उलटी करून स्क्रू काढले. झाकण उघडलं आणि टेबलावर लाल भुकटी सांडली. स्प्रिंगच्या बुडाशी, उजव्या अंगाला, कुंकवात माखलेले तांदळाचे दाणे घट्ट अडकून बसले होते.

"दाजी, हे काय हाय?"

लिंबाजीनं मान खाली घातली. "खंडेनवमीला समदे ड्रायव्हर आपापल्या ष्टेरिंगची पूजा करतेत. मला औंदा गाडीच न्हाई. म्हनलं, आपलं ष्टेरिंग हेच." जरा थांबून तो म्हणाला, "चार अक्षता वाहिल्या. दांड्याच्या फटीतून आत गेल्या असतील."

"पूजा तुमीच केली," बायनाबाई म्हणाली, "आन् खापर हातावर फोडलं."

पण तिनं टेबलावरचं कुंकू बोटानं टिपून कपाळाला लावलं.  दिनकररावांनी दाणे चिमट्यानं एकेक करून उचलले, स्पिरिटच्या बोळ्यानं आतला भाग पुसला, स्प्रिंग बसवली आणि स्क्रू आवळले. हात न लावता गाडी धावू दिली. ती रस्त्याच्या मधोमध, सुतासारखी सरळ गेली.

"बसा आता," ते म्हणाले.

लिंबाजी पुढं सरकून बसला. आता सबब उरली नव्हती. काय असेल ते हाताचंच दिसणार होतं. त्यानं दांडा धरला. पहिलं उजवं वळण आलं आणि त्यानं रोजच्यासारखा रेटा दिला. गाडी गर्रकन फिरली आणि उजव्या खड्ड्यात जाऊन आदळली.

त्याचा चेहरा पडला. "बघा," तो पुटपुटला. "आता उजवीकडं. हात गेलाच माझा."

दिनकररावांना हसू आवरेना. त्यांनी लिंबाजीचं उजवं मनगट हातात घेतलं आणि वर उचलून बहिणीला दाखवलं.

"दाजी, मला दोन हातांनी जो दांडा हलंना, तो तुमी दसऱ्यापासून एका हातानं उजवीकडं रेटायलात," ते म्हणाले. "उद्या साहेबाला सांगा, गाडी द्या म्हणून. आन् आता जरा दमानं घ्या, न्हाईतर दांडा मोडंल."