नदीचा तळ

सुट्टीत भोपाळहून नर्मदाकाठी आलेली शमिका कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून हत्तिणीची कूस घासत होती आणि लहानगी लेक शर्वरी पाठीवर बसून खिदळत होती. हत्तीण मात्र सोंडेनं सारखी नदीचा तळ चाचपत होती. “भैया, ये क्या खेल रही है?” शमिकानं माहुताला विचारलं. “खेल नहीं, दीदी. बच्चा ढूँढती है. पिछली बारिश में यहीं बह गया.” शमिकानं घाबरून लेकीला खाली उतरवलं. तोच हत्तिणीनं सोंड वळवली, शर्वरीचे ओले केस हुंगले आणि तिच्या कमरेला अलगद विळखा घातला. शमिकानं लेकीला हिसकावून घेतलं, तसा हत्तिणीनं टाहो फोडला. परतताना भोपाळच्या वेशीवरचं मिसरोद येईपर्यंत शर्वरी गाडीच्या मागच्या काचेतूनच बघत राहिली. शेवटी शमिकाच समजावत म्हणाली, “सापडेल गं तिला तिचं बाळ.” “सापडलं होतं, आई,” शर्वरी म्हणाली, “तूच ओढून घेतलंस.”